पत्ता नसलेला निळा पक्षी : निळ्या-काळ्या टॅनेजरची पार्श्वभूमी

जेमतेम १३ सेंटीमीटर लांबीचा, गर्द निळ्या अंगाचा, पंख, शेपटी आणि डोळ्यांपुढचा भाग काळा असलेला हा टॅनेजर, म्हणजे अमेरिका खंडांतल्या छोट्या, रंगीबेरंगी पक्ष्यांच्या गटातला एक पक्षी, व्हेनेझुएलापासून बोलिव्हियापर्यंत अँडीज पर्वतरांगेत राहतो. टँगारा व्हॅसोरी हे त्याचं शास्त्रीय नाव. जगाला तो माहीत झाला तो मात्र मेलेला, वाळवलेला आणि कुठला हे न सांगता विकलेला.

१८४० मध्ये फ्रान्सच्या ऑग्युस्त ब्वासोनो यांनी त्याचं पहिलं वर्णन छापलं. माणसांसाठी कृत्रिम डोळे बनवणारे कारागीर म्हणूनही ब्वासोनो प्रसिद्ध होते. त्यांच्यासारख्या युरोपातल्या संग्राहकांकडे तेव्हा कोलंबियातून पक्ष्यांची पिसांसकट वाळवलेली कातडी येऊ लागली होती. बोगोटाच्या आसपासचे स्थानिक शिकारी दूरदूरच्या डोंगरांतून पक्षी मारून आणत, कातडी वाळवून व्यापाऱ्यांना विकत. तिथून माल माग्दालेना नदीने किनाऱ्याला आणि पुढे जहाजाने युरोपात जाई. हॅटवर खोचायच्या पिसांना मागणी होती, श्रीमंतांच्या काचेच्या कपाटांनाही. पक्षी नेमका कोणत्या उतारावर, किती उंचीवर मारला, याची नोंद कोणी ठेवत नसे. लेबलवर फक्त ‘बोगोटा’. संग्रहालयांत आजही अशी कातडी पडून आहेत आणि त्यांतल्या काही पक्ष्यांचं मूळ ठिकाण उलगडलेलं नाही. मला हे नुकसान फार मोठं वाटतं, कारण डोंगरातल्या पक्ष्याची अर्धी ओळख त्याच्या उंचीत असते.

१८३८ ते १८४२ या काळात पेरूत हिंडलेले स्विस निसर्गअभ्यासक योहान याकोब फॉन चुडी यांनी १८४४ मध्ये दक्षिणेकडचा प्रकार वेगळी जात म्हणून नोंदवला. १८८२ मध्ये वॉर्साचे तॅचानोव्स्की यांनी उत्तर पेरूतल्या तिसऱ्या प्रकाराला नाव दिलं. पुढे या तिघांना एकाच जातीच्या उपजाती मानण्याची पद्धत रूढ झाली.

उंचीचा हिशेब लागायला विसावं शतक उजाडलं. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाचे फ्रँक चॅपमन यांनी कोलंबियात मोहिमा काढल्या आणि १९१७ मध्ये तिथल्या पक्ष्यांची उंचीच्या पट्ट्यांनुसार मांडणी केली. आज आपल्याला ठाऊक आहे की हा टॅनेजर साधारण २,००० मीटरच्या वर, ढगांनी ओल्या राहणाऱ्या जंगलात राहतो. इतर पक्ष्यांच्या थव्यात मिसळून तो फळं खातो, शेवाळलेल्या फांद्यांवर किडे शोधतो. टँगारा वंशातल्या फार थोड्या जाती एवढ्या वर जातात.

त्याच्या पिसांत निळं रंगद्रव्य नसतं. पिसातल्या अतिसूक्ष्म रचनेमुळे प्रकाश विखुरतो आणि निळा दिसतो. अशी निळाई रंगद्रव्यासारखी सहज विटत नाही, त्यामुळे जुन्या नमुन्यांतही ती बरीच शाबूत राहते. हरवली ती माहिती.

हा पक्षी सध्या धोक्यात नाही. तरी उंचीच्या नोंदी आता वेगळ्या कारणाने मोलाच्या झाल्या आहेत : हवामान तापतंय आणि डोंगरातले पक्षी थंडाव्यासाठी वर सरकताहेत. पेरूतल्या एका डोंगरावर १९८५ मध्ये झालेली पाहणी २०१७ मध्ये पुन्हा केली, तेव्हा बहुतेक जाती वर सरकलेल्या आढळल्या आणि माथ्यावरच्या काही जाती सापडल्याच नाहीत. तो डोंगर बुटका, आपला टॅनेजर त्याच्याही वर राहणारा. पण त्यालाही वर जायचं तर आधी जंगल वर सरकायला हवं. अँडीजमध्ये अनेक ठिकाणी जंगलाच्या वरच्या गवताळ पट्ट्यात गुरं चरतात, गवत पेटवलं जातं आणि तिथे झाडांची रोपं टिकत नाहीत.