आरटीपीसीआर निगेटिव्ह आली, मग ताप कशाचा?

कोविडच्या काळात हा प्रश्न इतक्या वेळा ऐकला की लोकांचा टेस्टवरचा विश्वासच उडाला. पण खरं सांगायचं तर मशीन सहसा चुकत नाही, घोळ होतो तो सँपल मशीनपर्यंत पोचायच्या आधी.

मशीनमध्ये व्हायरसच्या आरएनएपासून डीएनए बनतो आणि त्यातल्या ठराविक तुकड्याच्या कॉप्या निघत जातात, दर सायकलला साधारण डबल, म्हणजे 30 सायकलमध्ये एका तुकड्याचे शंभर कोटींच्या वर. एवढं सगळं खरं, पण स्वॅबवर व्हायरसच आला नसेल तर मशीन कॉप्या कशाच्या काढणार? स्वॅबची काडी नाकात वर कपाळाकडे नाही, सरळ आत कानाच्या दिशेने जायला हवी, घशाच्या मागच्या भिंतीला टेकेपर्यंत, आणि तिथे काही सेकंद फिरवायची. डोळ्यात पाणी येतंच. नाकपुडीत नुसती काडी फिरवून बाहेर काढली की कामच झालं! म्हणून बऱ्याच किटमध्ये माणसाचा स्वतःचा एक जीनही तपासतात, तोच दिसला नाही तर सँपलच नीट आलं नाही, मग रिपोर्ट निगेटिव्ह नाही, इनव्हॅलिड.

दुसरं म्हणजे टायमिंग. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या 2020 च्या अभ्यासात लक्षणं सुरू झाली त्या दिवशी टेस्ट केलेल्या शंभरातल्या साधारण 38 बाधितांचा रिपोर्ट चुकून निगेटिव्ह येत होता, तीन दिवसांनी हेच प्रमाण 20 वर आलं. लागण झाली त्याच दिवशी टेस्ट केली तर जवळपास सगळेच निगेटिव्ह, म्हणजे काल पार्टीत कुणी खोकलं म्हणून आज लॅबकडे धावण्यात काही अर्थ नाही.

आणि तो सीटी व्हॅल्यूचा आकडा! सिग्नल दिसायला किती सायकल लागल्या एवढंच तो सांगतो, सँपलमध्ये व्हायरस जास्त तर आकडा कमी, पण 18 आला की घरात रडारड आणि 30 आला की सगळे निवांत. स्वॅब कसा घेतला, किट कुठलं, यावर तो बदलतो, आजार किती गंभीर ते त्यावरून ठरत नाही. महाराष्ट्राने पॉझिटिव्ह धरायचा कटऑफ सीटी 35 वरून 24 वर आणता येईल का असं आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेला विचारलं होतं, तर ते नाही म्हणाले, संसर्ग पसरवू शकणारे बरेच जण त्यात सुटले असते.

उलटंही होतं बरं का, बरा झालेला माणूस कधीकधी कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येत राहतो, कारण मेलेल्या व्हायरसचे तुकडेही मशीनला चालतात. तर स्वॅब किंवा टायमिंग असं चुकू शकतं म्हणूनच लक्षणं ठळक असतील आणि रिपोर्ट निगेटिव्ह असेल तर डॉक्टर दोनेक दिवसांनी परत टेस्ट करायला सांगतात, ते काही लॅबचा धंदा वाढवायला नाही.