नॅव्हाहो पोवळे-रौप्यकाम

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ॲरिझोना, न्यू मेक्सिको व युटा या राज्यांत वसलेल्या नॅव्हाहो (स्वभाषेत ‘दिने’) लोकांची चांदीत पोवळी जडविण्याची हस्तकला. चांदीला ते ‘बेश लिगाई’, म्हणजे पांढरा धातू, म्हणतात. कंकणे, अंगठ्या, कर्णभूषणे, कमरपट्टे व माळा हे नेहमीचे प्रकार होत.

नॅव्हाहो चांदीकामाच्या आरंभाविषयी मतभेद आहेत. आत्सिदी सानी (‘म्हातारा लोहार’) हा परंपरेने आद्य कारागीर मानला जातो. तो लोहारकाम मेक्सिकन कारागिराकडून शिकला, हे बहुतेक सर्वांना मान्य आहे. वाद आहे तो चांदीचा. अभ्यासक आर्थर वुडवर्ड (१९३८) यांनी आरंभ १८५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, फोर्ट डिफायन्स (ॲरिझोनातील अमेरिकन लष्करी ठाणे) येथील लोहार व चांदीकारांच्या सहवासाशी जोडला. जॉन अडेर (१९४४) यांनी मात्र वृद्ध कारागिरांच्या सांगण्यावरून तो बॉस्क रेडोंडो (न्यू मेक्सिको) येथे अमेरिकन सैन्याने नॅव्हाहोंना ठेवलेल्या बंदिवासानंतर (१८६४–६८) मानला. त्यापूर्वीही नॅव्हाहोंच्या अंगावर चांदी दिसे, हा आक्षेप घेतला जातो. परंतु दागिना वापरणे आणि घडविणे या भिन्न गोष्टी आहेत, हे लक्षात घेता अडेर यांचे मत अधिक ग्राह्य वाटते. चांदीत पिरोजा बसविण्याची सुरुवात १८८० च्या आसपास झाली असावी. तिचे श्रेय सामान्यतः आत्सिदी चोन या नॅव्हाहो कारागिराला देतात.

पोवळे त्याहून जुने पाहुणे आहे. भूमध्य समुद्रातील लाल पोवळे (कोरॅलियम रुब्रम) स्पॅनिश व्यापारामार्गे या प्रदेशात आले आणि प्रथम मण्यांच्या माळांत ओवले गेले. चांदीत खडा म्हणून त्याचा सढळ वापर बहुधा विसाव्या शतकातला. चार पवित्र पर्वतांशी निगडित द्रव्यांत (पांढरा शिंपला, पिरोजा, अबलोनी शिंपला व जेट हा काळा, कोळशासारखा दगड) त्याची गणना होत नाही, तरी मान मोठा.

पूर्वी चांदी नाण्यांतूनच मिळे. अमेरिकन डॉलरमध्ये ती ९०% असे; मेक्सिकन पेसोही वितळवीत. पुढे ९२.५% शुद्धतेचा पत्रा प्रचारात आला. पत्र्यावर पोलादी ठशांनी नक्षी उठवितात (हे ठसे मेक्सिकन चर्मकारांच्या हत्यारांवरून सुचले, असे मानतात) किंवा मऊ ज्वालामुखीय दगडात साचा कोरून ओतकाम करतात. मणी दोन अर्धगोल जोडून होतो. पोवळे हे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. मोहस मापावर त्याची कठिनता सुमारे ३ ते ४. ज्योतीने ते बिघडते आणि आम्लात झिजते. म्हणून कोंदणाची पट्टी आधी डाख लावून जोडावी लागते, दागिना आम्लात उजळून धुवावा लागतो, आणि मगच खडा ठेवून पट्टीची कड त्यावर दाबतात. खड्याखाली लाकडाचा भुसा भरण्याचीही रीत होती. झुनी (न्यू मेक्सिकोतील शेजारचा मूलनिवासी समाज) कामात खडे मुख्य आणि चांदी त्यांची चौकट, तर नॅव्हाहो कामात चांदीचे वजन व ठसेकाम यांना प्राधान्य, असा ढोबळ फरक करता येतो. दोन्ही समाजांचे कारागीर परस्परांचे काम उचलीत आल्याने तो नेहमी टिकत नाही.

रंगविलेले बांबू पोवळे व स्पंज पोवळे बाजारात अस्सल म्हणून विकले जाते. परकी माल मूलनिवासींचा म्हणून विकण्यास १९९० च्या संघीय कायद्याने बंदी आहे.