एक वाट अंगणातून, दुसरी कोर्टातून

दोन वर्षांच्या मुलाचं वजन भरत नसेल तर आईला कुठं जायचं ते ठाऊक असतं: अंगणवाडीत. त्याच मुलाला घरात कुणी मारत असेल, तर? तिथं बहुतेकांची गाडी अडते. कुणी पोलीस चौकी सांगतं, कुणी सरपंच, कुणी ‘घरातली गोष्ट आहे, गप्प बस’ असंही सांगतं. दोन्ही कामांवर पाटी एकाच खात्याची, महिला व बालविकासाची. पण दारं दोन आहेत, एक अंगणवाडीचं आणि दुसरं बाल संरक्षणाचं, आणि त्यामागं जुना इतिहास आहे.

सुरुवात मात्र एका घरातून झाली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. नावातच काम उघडं सांगितलं होतं. फसवल्या गेलेल्या विधवेनं इथं यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल हवं तर न्यावं, नाहीतर ठेवून जावं. इथंच जन्मलेला यशवंत फुल्यांनी दत्तक घेतला. पुढं १८७५ मध्ये पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर त्रवाडी यांच्या पुढाकारानं बालकाश्रम उभा राहिला आणि प्रार्थना समाजानं तो चालवला. आईला दोष न देता आधी मूल वाचवायचं, ही या कामामागची समज होती. नंतरच्या सरकारी व्यवस्थेत ती बराच काळ हरवली, असं माझं मत.

कारण सरकारनं या कामात हात घातला तो गुन्ह्याच्या बाजूनं. मुंबईत १८५७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या नावानं निघालेली शाळा गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना सुधारण्यासाठी होती. १९२४ साली मुंबई बालक अधिनियम आला, १९२७ साली अशा मुलांची गृहं चालवणारी चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. चोरी केलेला पोरगा आणि आईबाप नसलेला पोरगा, दोघांचा विचार एकाच कायद्यात. ‘रिमांड होम’ हा शब्द मराठी घरांत धमकी म्हणून रुळला तो उगाच नाही. गुन्हा आणि निराधारपण यांच्यात कागदोपत्री भिंत घातली ती १९८६ च्या बाल न्याय कायद्यानं. निराधार मुलाची सोय कुठं लावायची ते ठरवणारी बालकल्याण समिती तर २००० च्या कायद्यानं आली.

अंगणवाडीची वाट गुजरातेतल्या भावनगरहून आली. तिथल्या दक्षिणामूर्ती या शिक्षणसंस्थेत बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांसोबत ताराबाई मोडक काम करत होत्या. दोघांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापला. माँटेसरीची पद्धत ताराबाईंना पटली होती, पण तिची साधनं महाग. त्यांनी बिया, शिंपले, पानं, खडे घेतले. १९४५ मध्ये त्या बोर्डीला आल्या (तेव्हाचा ठाणे जिल्हा, आता पालघर), आणि पुण्यात शिक्षिका असलेल्या अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी सुरू झाली, पण गावकुसाबाहेरची मुलं काही येईनात. तेव्हा दोघी तिकडं गेल्या आणि वस्तीतल्या अंगणातच वर्ग भरला. अंगणवाडी हा शब्द तिथला. मुलं शाळेत येत नसतील तर शाळेनं मुलांकडं जायचं, एवढाच त्याचा अर्थ. पुढं कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी कुरणशाळाही निघाली, कारण मुलं गुरांमागं असत.

हाच शब्द २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशाचा झाला. एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली. मेळघाटातलं धारणी त्यातलं एक. सेवा सहा: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (म्हणजे गरज पडल्यास मोठ्या दवाखान्यात पाठवणं), आरोग्य व आहार शिक्षण, आणि पूर्वप्राथमिक शिक्षण. यादी पुन्हा वाचा. मुलाच्या सुरक्षिततेचं नाव त्यात नाही. ताराबाईंचं शिक्षणही यादीत आलं खरं, पण प्रत्यक्षात खिचडी आणि वजनकाट्यानं त्याला मागं सारलं.

संरक्षणाची मदत सामान्य माणसाच्या हाताला लागली ती १९९६ मध्ये, तीही मुंबईतच. टाटा समाजविज्ञान संस्थेत जेरू बिलिमोरिया यांनी रस्त्यावरच्या मुलांसाठी १०९८ ही फोनसेवा सुरू केली. दस, नौ, आठ: न शिकलेल्या पोरालाही पाठ व्हावा असा उतरता क्रमांक. २०२३ पासून ती सरकारी नियंत्रण कक्षांकडे गेली आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं तर मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याची सक्ती केली. ‘घरातली गोष्ट’ ही सबब तिथं कायद्यानंच संपते.

आजही अंगणवाड्यांचं आयुक्तालय नवी मुंबईत आणि बालगृहं, बालकल्याण समित्या यांचं पुण्यात. जिल्ह्यात अंगणवाडी जिल्हा परिषदेकडे, तर बाल संरक्षण कक्ष जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याकडे. नातेवाइकांकडे वाढणाऱ्या निराधार मुलासाठीची बालसंगोपन योजना याच दुसऱ्या दारात मिळते. मूल संस्थेत न टाकता कुटुंबातच राहावं म्हणून महिना २२५० रुपये, आणि योजनेला आता नाव सावित्रीबाईंचं.

गावात मात्र ही दोन्ही दारं एकाच बाईपाशी येतात. ग्राम बाल संरक्षण समितीचा अध्यक्ष सरपंच आणि सदस्य सचिव अंगणवाडी सेविका. सकाळी ती वजनं घेते, मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकर ॲपवर आकडे भरते, गरोदर बायांच्या घरी जाऊन येते. बालविवाहाची कुणकुण लागली तर कळवायचं तिनंच, तेही त्याच गावात राहून, त्याच माणसांत. या सगळ्याबद्दल तिला मिळतं ते मानधन. त्याला पगार म्हणा, यासाठी ती डिसेंबर २०२३ मध्ये संपावर गेली होती.