नावात बुरशी, आजार पांढऱ्या पेशींचा

पावसाळ्यात जांघेत नायटा उठला म्हणून गोव्यात कुणी दचकत नाही. कपडे आठवडाभर वाळत नाहीत, अंग घामेजलेलं. फार्मसीतून मलम आणायचं नि लावायचं. याच सवयीआड क्वचित त्वचेचा लिम्फोमा, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग, लपून राहतो. त्याच्या नेहमीच्या प्रकाराचं नाव मायकोसिस फंगॉइडिस. त्याचा बुरशीशी काहीएक संबंध नाही, पण नावात मात्र बुरशी आहे!

ही चूक पॅरिसची. १८०६ साली जाँ-लुई अलिबेर या डॉक्टरने अंगावर अळंब्यांसारख्या गाठी आलेला रुग्ण पाहिला. आधी त्याला तो ‘यॉज’ या त्वचेच्या संसर्गाचाच प्रकार वाटला. १८३२ मध्ये त्याने आजचं नाव दिलं. म्हणजे पहिल्या वैद्यालाही हा आजार दुसऱ्याच कशासारखा दिसला होता. शिवाय त्याने पाहिली ती शेवटची अवस्था. आधी चट्टे, मग जाड चकत्या, मग गाठी, हा क्रम १८७० मध्ये बाझँ या फ्रेंच डॉक्टरने मांडला, आणि खरी अडचण त्या पहिल्या चट्ट्यांचीच आहे. ते इसबासारखे किंवा सोरायसिससारखे दिसतात. पांढऱ्या पेशींपैकी टी-पेशी बिघडून हे घडतं, हे उलगडायला १९७० चं दशक उजाडावं लागलं.

सावळ्या कातडीवर कोडं आणखी अवघड. तिथे चट्टे अनेकदा फिकट असतात, तरुणांत आणि मुलांतही. घरात कुणी शिब म्हणतं, कुणी कोड, आणि हळू आवाजात महारोग. ही भीती उगाच नाही. सालसेतमध्ये माकाझानला कुष्ठालय होतं, हे जुन्या पिढीला ठाऊक आहे. कुष्ठाच्या चट्ट्यावर स्पर्श सहसा बधिर होतो, लिम्फोमाच्या चट्ट्यावर तो शाबूत असतो. पण एवढ्यावर निदान होत नाही.

जागा पाहावी. ऊन न लागणारे भाग, म्हणजे कुल्ले, मांड्या, कंबर, स्तन, हे त्याचं आवडतं ठिकाण. चट्टे वर्षानुवर्षं तिथेच राहतात, स्टेरॉइडच्या मलमाने दबतात, मलम थांबलं की परत येतात. माझ्या मते गोंधळ वाढवणारी खरी वस्तू हीच, चिठ्ठीशिवाय मिळणारी ट्यूब. तिच्यामुळे बायोप्सीतलं चित्रही पुसट होतं, म्हणून त्वचारोगतज्ज्ञ तुकडा काढण्याआधी काही आठवडे मलम बंद करायला सांगतात. पहिल्या तुकड्यात काही सापडलं नाही तर काही महिन्यांनी दुसरा, कधी तिसराही काढावा लागतो. रुग्ण कंटाळतो ते इथेच. पहिल्या टप्प्यात सापडलेल्यांपैकी बहुतेकांचं आयुष्य त्याने घटत नाही. अतिनील किरणांच्या उपचारावर चट्टे पुष्कळदा मावळतात.