व्हेनिस : शहरातील प्रवास

इटलीच्या ईशान्येस एड्रियाटिक समुद्रालगतच्या खाजणात शंभराहून अधिक लहान बेटांवर वसलेले शहर. मुख्य भूमीवरून १८४६ मध्ये रेल्वेपूल आणि १९३३ मध्ये रस्त्याचा पूल आला. तरी मोटारी आजही शहराच्या टोकाच्या पियात्साले रोमा या चौकापाशीच थांबतात. रेल्वेचे शेवटचे स्थानक सांता लुचिया. त्याआधीचे मेस्त्रे मुख्य भूमीवर आहे. नावात ‘व्हेनेत्सिया’ (व्हेनिसचे इटालियन नाव) पाहून नवखे तिथेच उतरतात. पुढे पायी किंवा होडीने. चारशेहून अधिक पुलांपैकी बहुतेकांना पायऱ्या असल्याने चाकांची मोठी बॅग हातातच उचलावी लागते.

खरी पंचाईत पत्त्याची. शहराचे सहा विभाग आहेत आणि घरांचे क्रमांक गल्लीनुसार नव्हे, तर अख्ख्या विभागात सलग दिलेले आहेत. त्यामुळे पत्ता म्हणजे विभागाचे नाव आणि पुढे तीन-चार आकडे. शेजारचा क्रमांक कोपऱ्यापलीकडे निघू शकतो. मुक्कामाच्या मालकाकडून गल्लीचे आणि जवळच्या धक्क्याचे नाव आधीच घ्यावे. गल्ल्यांची नावे भिंतीवरच्या पांढऱ्या चुन्याच्या चौकटीत काळ्या अक्षरांत असतात. स्थानिक बोलीत त्यांना ‘नित्सिओलेती’, म्हणजे छोट्या चादरी, म्हणतात. ‘काल्ले’ म्हणजे गल्ली, ‘फोंदामेंता’ कालव्याकाठची वाट, ‘काम्पो’ चौक आणि ‘रिओ तेरा’ म्हणजे बुजवलेला कालवा. स्पेलिंग बोलीनुसार असल्याने नकाशाशी जुळेलच असे नाही. वाट चुकल्यास ‘पेर रिआल्तो’ (रिआल्तो पुलाकडे), ‘पेर सान मार्को’ (सान मार्को चौकाकडे) या पिवळ्या पाट्या शोधाव्यात.

‘वापोरेत्तो’ ही इथली जलबस. १ क्रमांकाची होडी ग्रँड कॅनॉल या मुख्य कालव्यातून रमतगमत जाते, घाई असणाऱ्यांसाठी २ क्रमांकाची. एकेरी तिकीट ७५ मिनिटे चालते आणि महाग पडते. दिवसातून तीन-चार फेऱ्या होणार असतील तर पासच घ्यावा. चढण्यापूर्वी तिकीट धक्क्यावरच्या यंत्राला लावणे विसरू नये. ग्रँड कॅनॉलवर पूल फक्त चार. मधल्या काही ठिकाणी ‘त्रागेत्तो’ नावाची होडी थोड्या युरोंत पलीकडे नेते. हौसेच्या गोंडोलाचे दर नगरपालिका ठरवते, तेही माणशी नव्हे, होडीमागे.

शरद ते हिवाळ्यात भरतीचे पाणी शहरात चढते. त्याला ‘आक्वा आल्ता’ म्हणतात. १९६६ मध्ये ते मोजणीच्या ठरावीक समुद्रपातळीपेक्षा १९४ सेंटिमीटर वर गेले होते. ऑक्टोबर २०२० पासून खाजणाच्या तोंडाशी बसवलेली ‘मोझे’ प्रकल्पाची हलती दारे मोठी भरती अडवतात. पाणी काही तासांत ओसरते, पण बूट आठवडाभर ओले राहतात.

२०२४ पासून ठरावीक दिवशी, मुक्काम न करता येणाऱ्यांना प्रवेशशुल्क पडते. प्रवासाला निघण्यापूर्वी तारखा पाहाव्यात.