कॅनडात मोटारबोट चालवायची आहे? मग आधी हे कार्ड काढा

मे महिन्यातला लाँग वीकेंड जवळ आला की टोरांटो-मिसिसागाकडच्या मराठी घरांत कॉटेजचे बेत शिजू लागतात. चार कुटुंबं मिळून मस्कोकाला किंवा सिम्को तलावाकाठी घर घेतात. घराच्या धक्क्याला मालकाची छोटी मोटारबोट बांधलेली असते. "लायसन्स लागतं म्हणे," एक जण म्हणतो. "आहे की, बोटीवर नंबर लिहिलाय," दुसरा म्हणतो. इथेच घोळ होतो.

बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, दोन्ही बाजूंना लिहिलेला नंबर हा बोटीचा परवाना असतो. 10 हॉर्सपॉवर किंवा त्याहून मोठं इंजिन असलेल्या खासगी बोटीला तो लागतो. गाडीची नंबरप्लेट समजा. बोट चालवणाऱ्याची पात्रता ही वेगळी गोष्ट, आणि ती दाखवणारं कार्ड म्हणजे प्लेझर क्राफ्ट ऑपरेटर कार्ड, म्हणजेच पीसीओसी. बोलताना सगळे त्याला 'बोट लायसन्स'च म्हणतात, त्यामुळे एक कागद असला की दुसरा लागत नाही असा समज होतो. पाण्यावर पोलिसांनी थांबवलं तर ते दोन्ही मागू शकतात. कार्ड नसेल तर 250 डॉलर दंड, वर सरचार्ज.

कार्ड कोणाला लागतं

मौजेसाठी वापरलेल्या, मोटार बसवलेल्या कुठल्याही बोटीचं सुकाणू जो धरेल त्याला. बोट किती लांब, इंजिन किती ताकदीचं, याचा संबंध नाही. मासेमारीच्या छोट्या होडीला लावलेली बॅटरीवरची ट्रोलिंग मोटारसुद्धा यात येते. शिडाच्या होडीला मदतीला इंजिन असेल तर तीही येते, मग ते इंजिन बंद का असेना. कनू, कयाक, पॅडलबोर्ड, साधी वल्ह्याची होडी यांना कार्ड नको. हा नियम 1999 पासून टप्प्याटप्प्याने आला आणि 15 सप्टेंबर 2009 पासून सर्व वयाच्या लोकांना लागू आहे. नॉर्थवेस्ट टेरिटरीज आणि नुनावुत इथलं पाणी तेवढं याला अपवाद.

कार्ड मिळवायला किमान वयाची अट नाही, दहा वर्षांची मुलगीही परीक्षा देऊ शकते. पण कार्ड मिळालं म्हणून तिला कुठलीही बोट हाकता येत नाही. सोबत 16 वर्षांचं किंवा मोठं, लक्ष ठेवणारं कोणी नसेल तर 12 वर्षांखालच्या मुलांना 10 हॉर्सपॉवरपर्यंतच परवानगी आहे, आणि 12 ते 16 या वयोगटाला 40 हॉर्सपॉवरपर्यंत. जेट-स्कीची गोष्ट निराळी. 16 पूर्ण झाल्याशिवाय ती चालवायचीच नाही, बाबा मागे बसलेले असले तरी.

भारतातून आलेल्या पाहुण्यांबद्दल बरेच गैरसमज आहेत. "45 दिवसांपर्यंत चालतं" असं कोणीतरी सांगतं. ती सूट परदेशी माणूस स्वतःची, बाहेरच्या देशातली बोट कॅनडाच्या पाण्यात आणतो तेव्हाची आहे. तुमच्या मित्राची बोट कॅनडात नोंदलेली असेल, तर काकांनी पहिल्या दिवशी सुकाणू धरलं तरी पात्रतेचा पुरावा हवा. स्वतःच्या देशाने दिलेलं बोट चालवण्याचं प्रमाणपत्र पाहुण्यांना चालतं. हर्णै-दाभोळला वीस वर्षं तांडेल म्हणून काढली, हा अनुभव मात्र कागदावर नसेल तर इथे पुरावा ठरत नाही. हे मला थोडं लागतं, पण नियम तसा आहे.

भाड्याच्या बोटीला सोपी वाट आहे. भाड्याने देणारा सुरक्षिततेच्या मुद्द्यांची एक यादी तुमच्यासोबत वाचतो, बोटीची माहिती देतो आणि त्यावर दोघांच्या सह्या होतात. ही यादी भाड्याच्या मुदतीपुरती कार्डाची जागा घेते, म्हणून ती बोटीवरच ठेवायची. कॉटेजसोबत मिळालेल्या बोटीला मालक अशी यादी भरून देतो का, हे बुकिंग करतानाच विचारा. देत नसेल तर ग्रुपमधल्या कार्डवाल्यानेच बोट चालवावी.

अर्ज आणि परीक्षा

सरकारी खिडकीवर अर्ज करायचा नसतो. ट्रान्सपोर्ट कॅनडाने, म्हणजे तिथल्या केंद्र सरकारच्या वाहतूक खात्याने, मान्यता दिलेल्या संस्था कोर्स घेतात, परीक्षा घेतात आणि कार्डही त्याच देतात. मान्यताप्राप्त संस्थांची यादी ट्रान्सपोर्ट कॅनडाच्या संकेतस्थळावर आहे. पैसे भरण्याआधी तिथे नाव आहे का ते बघा. शुल्क संस्थेप्रमाणे बदलतं. कोर्स वर्गात बसून करता येतो किंवा ऑनलाइन. ऑनलाइनला किमान तीन तास अभ्यासाची सक्ती आहे. पानांवर घड्याळ लावलेलं असतं, भराभर 'पुढे' दाबून सुटका नाही. बहुतेक जण दोन-तीन संध्याकाळी थोडं थोडं करून संपवतात.

परीक्षेत 50 बहुपर्यायी प्रश्न असतात आणि उत्तीर्ण व्हायला 75 टक्के लागतात. परीक्षा इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये देता येते. ती स्वतःच देत असल्याचं प्रतिज्ञापनही करावं लागतं. ज्या घरात मुलगा आईचा कोर्स 'करून देतो', त्या घराने हे वाक्य नीट वाचावं. नापास झालात तर 24 तास थांबून पुन्हा बसता येतं.

कागदपत्रांचं ओझं नाही: नाव, जन्मतारीख, पत्ता, ईमेल. नाव मात्र जपून लिहा. आपल्या पासपोर्टवर बरेचदा स्वतःच्या नावाला वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडलेलं असतं, ड्रायव्हिंग लायसन्सवर ते वेगळ्या क्रमाने येतं, आणि फॉर्ममध्ये आपण तिसरंच काहीतरी लिहितो. पोलीस कार्ड आणि ओळखपत्र शेजारी ठेवून बघतात, तेव्हा नेहमी जवळ बाळगता त्या ओळखपत्रावरचंच नाव द्या. कार्ड आयुष्यभर चालतं, नूतनीकरण नाही. हरवलं तर ज्या संस्थेने दिलं तिच्याकडूनच दुसरं मागवायचं, म्हणून संस्थेचं नाव कुठेतरी लिहून ठेवा. दहा वर्षांनी ते आठवत नाही.

1 एप्रिल 1999 पूर्वी कॅनडात बोटीच्या सुरक्षिततेचा कोर्स केलेला असेल तर ते प्रमाणपत्रही पुरावा म्हणून चालतं. काही व्यावसायिक नाविक प्रमाणपत्रांचंही तसंच आहे. मर्चंट नेव्हीतून आलेल्यांनी आपलं प्रमाणपत्र ट्रान्सपोर्ट कॅनडाच्या अशा प्रमाणपत्रांच्या यादीत आहे का हे आधी तपासावं, कदाचित कोर्सचे पैसे वाचतील.

अभ्यासात कुठे अडखळाल

कोकणात बंदराजवळ वाढलेल्यांना एक प्रश्न हमखास चकवतो. भारतात समुद्राकडून बंदरात शिरताना लाल बोया (वाट दाखवणारी तरंगती खूण) डाव्या हाताला असतो आणि हिरवा उजव्या. कॅनडात नेमकं उलट: समुद्राकडून आत येताना किंवा प्रवाहाविरुद्ध वर जाताना लाल उजवीकडे, हिरवा डावीकडे. जगात बोयांच्या दोन पद्धती आहेत आणि अमेरिका खंडांत दुसरी चालते. बोटीवरचे दिवे मात्र सगळीकडे सारखेच, लाल डावीकडे आणि हिरवा उजवीकडे. जुनी सवय पुसायला मी बोयांचं चित्र काढून फ्रिजवर लावलं होतं.

दुसरा भाग थंड पाण्याचा, आणि आपल्याकडून आलेल्यांनी तो खरंच दोनदा वाचावा. मे महिन्यात ऊन असतं, टी-शर्टवर फिरता येतं, पण तलावावरचा बर्फ वितळून काही आठवडेच झालेले असतात. पाण्यात पडल्यावर पहिलं एक मिनिट धाप आवरण्यात जातं, हातपाय कामाचे राहतात ते साधारण दहा मिनिटं, आणि शरीर गारठून शुद्ध हरपायला तासभर लागतो. म्हणजे पट्टीचा पोहणाराही दहा मिनिटांनंतर पोहू शकेल असं नाही. बोटीवरच्या प्रत्येकासाठी मापाचं, कॅनडात मान्य असलेलं लाइफजॅकेट असणं कायद्याने बंधनकारक आहे. ते अंगावर घालणं तुमच्यावर सोडलंय, पण वरचे आकडे वाचून कोणी ते सीटखाली ठेवत असेल तर मला नवल वाटेल. सोबत 15 मीटरची तरंगती दोरी, पाणी उपसायचं भांडं किंवा हातपंप, शिट्टी अशी यादी बोटीच्या लांबीप्रमाणे बदलते, तीही परीक्षेत येते.

दारूचा नियम गाडीसारखाच आहे. ओंटारियोत नशेत बोट चालवली तर गाडीचं लायसन्सही निलंबित होतं.

या परीक्षेत बोट प्रत्यक्ष चालवून दाखवावी लागत नाही. धक्क्याला बोट लावणं, वाऱ्यात वळवणं, मागे घेणं कार्ड शिकवत नाही. त्यामुळे कार्ड हाती आल्यावर पहिल्या फेरीला एखादा जाणता सोबत घ्या आणि वारा पडलेला असतो अशी सकाळ निवडा.