शब्दकोड्यांच्या अ‍ॅपने बुद्धी तल्लख होते का?

शब्दकोड्यांचे अ‍ॅप रोज खेळले की मुलांचा शब्दसंग्रह आपोआप वाढतो आणि बुद्धीही तल्लख होते, हा समज पालकांमध्ये बरीच वर्षे फिरतो आहे. अशा खेळाने अक्षरजुळणी पक्की होते, हे खरे. त्यापुढचा दावा मात्र टिकत नाही.

न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्स यांनी २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचे, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्या जुळवून शब्द बनवण्याच्या खेळाचे, जगज्जेतेपद मिळवले, तेव्हा त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हते. त्यांनी फक्त शब्दांची रूपे पाठ केली होती. शब्द ओळखणे आणि शब्द येणे यांतील अंतर याहून स्पष्ट काय दिसणार? माझ्या भाचीने ‘व’, ‘र’, ‘वं’, ‘टा’ ही घरे क्षणात जोडून तारे मिळवले, पण ‘वरवंटा म्हणजे काय गं?’ असे विचारताच ती गप्प झाली. पाट्यावर चटणी वाटून दाखवली, तेव्हा कुठे तो शब्द तिचा झाला.

राहिला बुद्धीचा प्रश्न. ‘ल्युमॉसिटी’ या मेंदूच्या व्यायामाच्या अ‍ॅपने शाळेतील कामगिरी सुधारते, यांसारख्या दाव्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचा आक्षेप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचे हित जपणाऱ्या सरकारी संस्थेने घेतला आणि जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने २० लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवले. सरावाने मूल प्रामुख्याने त्याच खेळात तरबेज होते.

म्हणून अ‍ॅप काढून टाकण्याची गरज नाही. मूल खेळत असताना शेजारी बसावे, जुळलेल्या शब्दाचा अर्थ विचारावा आणि त्याच्याकडून त्या शब्दाचे एखादे वाक्य करून घ्यावे.